सहा महिन्यांची चंदी

पहाटे ४.४०

खांदा कॉलनीत या वेळेला दुधाचे क्रेट उतरवल्याचा आवाज येतो आणि खांदेश्वर स्टेशनाकडून लोकलचा भोंगा. मार्गशीर्षातला गुरुवार आहे. सासूबाईंनी घटासाठी चौरंग रात्रीच पुसून ठेवलाय. मी चहा ठेवायच्या आधी तबेल्यात मोतद्दाराला फोन लावते.

"रात्री काही तोंडात घातलं नाही ना त्याने?"

"नाही ताई. मुसकं बांधलंय. पाणी तेवढं ठेवलंय."

मुसकं बांधलेल्या घोड्याचं नाव वादळ. वय नऊ. लहानपणी तो शर्यतीत धावला, मग रेसकोर्सवरून निवृत्त होऊन एका रायडिंग क्लासमध्ये आला आणि चार वर्षं मुलांना घेऊन गोल फिरला. आज त्याच्या डाव्या मागच्या पायाचं ऑपरेशन आहे. मी गेली सतरा वर्षं घोडे बघते. तरी ज्या दिवशी घोड्याला पूर्ण भूल द्यायची असते, त्या पहाटे माझ्या घशाखाली पोहे उतरत नाहीत.

५.३०

रेल्वेरूळ ओलांडून पनवेलच्या बाहेर पडलं की उजाडताना प्रबळगडाची काळी भिंत दिसते. तबेला त्याच बाजूला आहे. गाडीच्या मागे एक्स-रेचं पोर्टेबल मशीन, शिशाचे एप्रन, ड्रिलची पेटी, बँडेजचा ढीग.

जाता जाता त्या सांध्याबद्दल सांगून टाकते, कारण पुढचा सगळा दिवस त्याच्याभोवती आहे. घोड्याच्या मागच्या पायाला मध्यावर जो मागे वळलेला कोन दिसतो, त्याला बहुतेक लोक गुडघा समजतात. तो गुडघा नाही, घोटा आहे. मागे आलेलं टोक म्हणजे त्याची टाच. घोडा आयुष्यभर चवड्यावर, किंबहुना एका बोटाच्या नखावर उभा असतो. या घोट्याला आम्ही हॉक म्हणतो. तो एक सांधा दिसला तरी आत एकावर एक बसवलेले चार सांधे आहेत. जवळजवळ सगळी हालचाल सर्वांत वरच्या सांध्यात होते. खालचे दोन सांधे जेमतेम सरकतात, त्यांचं काम धक्का पचवायचं. आणि संधिवात बसतो तो नेमका या खालच्या दोघांत. कूर्चा झिजते, हाडावर हाड घासतं, कडेला हाडाची टेंगळं वाढतात. जुने चाबूकस्वार त्याला 'हड्डा' म्हणत.

या आजाराची शस्त्रक्रिया ऐकणाऱ्याला उलटी वाटते. आम्ही सांधा वाचवत नाही, संपवतो. जे दोन सांधे हलतच नव्हते ते हाडाने जोडून टाकले तर घोड्याच्या चालीत फारसा फरक पडत नाही, पण घासणं थांबतं आणि घासणं थांबलं की दुखणं थांबतं. शरीर स्वतःही हे करायला बघतं. पण त्याला वर्षं लागतात, तोवर घोडा लंगडत असतो आणि बऱ्याचदा ते जोडकाम पुरं होतच नाही.

६.००

वादळ दावणीला उभा आहे. नाडी ३६, हिरड्या गुलाबी, ताप नाही. धनुर्वाताची लस महिन्याभरापूर्वी दिली होती. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा पाळीव प्राणी दुसरा नाही, त्यामुळे लस नसलेल्या घोड्याला मी सुरी लावत नाही. नालबंदाने चारही नाला काढून दिल्यात. त्यातली डाव्या मागच्या पायाची नाल मी मुद्दाम ठेवून घेते. तिचा पुढचा काठ वस्तऱ्यासारखा पातळ झालाय. घोडा पाय पुरता उचलत नाही, चवडा घासत नेतो, त्याची ही खूण. हा नालबंद मला दीड वर्षापूर्वीच म्हणाला होता, "मॅडम, हा डाव्याने ओढतोय." डॉक्टरच्या कितीतरी आधी नालबंदाला कळतं.

तेव्हा मी पाय दुमडून पाहिला होता. मागचा पाय पोटाकडे उचलून मिनिट-दीड मिनिट धरायचा आणि सोडला की लगेच दुडक्या चालीने पळवायचं. वादळ पहिली आठ-दहा पावलं जवळपास तीन पायांवर गेला. मग सांध्यात बधिर करणारं औषध घातलं, लंगडणं थांबलं, जागा पक्की झाली. एक्स-रेत खालच्या सांध्याची फट धुकट दिसत होती. पहिलं स्टिरॉइडचं इंजेक्शन पाच महिने टिकलं, दुसरं दोन महिने, तिसरं तीन आठवडे. वेदनाशामक पुड्या रोज देऊन घोडा चालवता येतो, पण त्याने त्याच्या जठरात व्रण होतात. मालकिणीला मी सगळं सांगितलं, खर्चासकट. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नंतर किती महिने त्याला बसून खायला घालायचं?" मी म्हटलं, सहा धरा, नऊही लागतील. त्या म्हणाल्या, घालू.

खरं सांगायचं तर घोड्याचं ऑपरेशन करायचं की नाही हे या उत्तरावर ठरतं. ड्रिल माझ्याकडे आहे. सहा महिन्यांची चंदी मालकाकडे असावी लागते.

६.५०

जमिनीवर जाड गाद्या अंथरल्यात. मानेच्या शिरेत झायलाझिन. पाच मिनिटांत मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो. मग केटामिन आणि डायझेपाम. सव्वाचारशे किलोचा जीव आधी मागे टेकतो, मग बसतो, मग आडवा होतो. चार माणसं डोकं आणि शेपूट धरून त्याला हळू उतरवतात. डावी बाजू खाली, म्हणजे दुखऱ्या पायाची आतली बाजू वर येते. ड्रिल आतूनच जायचं आहे. डोळ्यांत मलम, डोळ्यांवर टॉवेल, खालच्या खांद्याखाली हवा भरलेली ट्यूब. एवढं वजन एका कुशीवर तासभर पडलं तर खालचे स्नायू चेंगरून निकामी होऊ शकतात. माझी सहकारी भूल सांभाळते. दर पाच मिनिटांनी ती मोठ्याने आकडे सांगते आणि ते माझ्या कानावर पडत राहिले की माझा हात स्थिर राहतो.

७.१५

केस काढलेत, दहा मिनिटं घासून धुतलंय. आतल्या बाजूने तिरका जाणारा कंडरा लागतो, तो बाजूला घेते. मग दोन्ही सांध्यांच्या फटीत एकेक सुई, आणि एक्स-रे. सुई फटीत आहे असं बोटाला वाटणं आणि ती खरोखर तिथे असणं यात मिलिमीटरचं अंतर असतं. दुसरी सुई वर सरकलीय. काढून पुन्हा घालते. पुन्हा एक्स-रे. आता बरोबर.

साडेचार मिलिमीटरचं ड्रिल. एकाच तोंडातून पंख्याच्या काड्यांसारखी तीन भोकं, एक सरळ, एक पुढे, एक मागे. सहकारी सतत सलाइनची धार धरते, कारण ड्रिलच्या उष्णतेने हाड जळालं तर ते जुळत नाही. ही पद्धत अमेरिकेत ओ. आर. अ‍ॅडम्स यांनी १९७० मध्ये मांडली. सुरुवातीच्या काळात सांध्यातली कूर्चा भरपूर खरवडून काढत आणि घोडे नंतर आठवडेच्या आठवडे तळमळत. आता एवढंच करायचं, की कूर्चेचा काही भाग जावा, दोन्हीकडच्या हाडाला जखम व्हावी आणि भोकाभोकांतून नवं हाड एकमेकांकडे वाढावं. जास्त कोरलं तर सांधा खिळखिळा होतो. हात कुठे थांबवायचा हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण हाताला कळायला मला सात-आठ घोडे लागले.

हाड ड्रिलला घट्ट धरतं. कूर्चा लागली की पकड क्षणभर सैल पडते, पुन्हा हाड. खालचा सांधा झाला. त्याच्या लगतचा वरचा झाला. टाके घालून मी घड्याळ बघते तेव्हा ८.२० झालेत.

८.२० ते ९.२५

घोड्याच्या ऑपरेशनमधला खरा कठीण तास आता सुरू होतो. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. शुद्ध येता येता त्याला एकच सुचतं, उठायचं आणि पळायचं. पाय अजून त्याचे नसतात. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर भुलीच्या आगेमागे शंभरात एकाच्या आसपास घोडा दगावतो. माणसांचं प्रमाण त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

माझ्या हातूनही एक गेली. अकरा वर्षांपूर्वी, एक कुमेद घोडी. ऑपरेशन उत्तम झालं होतं. उठताना ती दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा धडधाकट पायाचं हाड मोडलं. तिला झोपवावं लागलं. तिचा मालक मला एक शब्द बोलला नाही, तिच्या आयाळीतून हात फिरवत बसला. त्या दिवसापासून घोडा उठत असताना मी तिथून हलत नाही, फोन घेत नाही आणि कोणालाही बोलू देत नाही.

सगळे पडदे ओढलेत. डोक्याला एक दोर, शेपटीला एक. डोळ्यांवरचा टॉवेल तसाच. वादळचे कान हलतात. तो छातीवर येतो आणि तिथेच थांबतो. हे चांगलं लक्षण आहे, घाई करत नाहीये. वीस मिनिटं तसाच. मग पुढचे पाय टाकतो, एक हिसका, दोर ताणले जातात, आणि तो उभा राहतो. थरथरतोय, पण उभा आहे. मोतद्दार त्याच्या कानात काहीतरी पुटपुटतो. मी बाहेर येऊन पायरीवर बसते. आता पोहे खाता येतात.

पुढचा कार्यक्रम फळ्यावर लिहून देते. दोन आठवडे खोलीत. टाके निघाले की हाताने धरून रोज दहा मिनिटं चाल, मग हळूहळू वाढवत. दर दोन महिन्यांनी एक्स-रे. आणि पहिलं, ठळक अक्षरांत: आज लीद टाकली की ताबडतोब कळवा.

११.४५

नेरळ. दुसरा घोडा माथेरानात आहे. घाट चढून दस्तुरीला पोचेपर्यंत साडेबारा होतात. इथून पुढे माथेरानात गाडी नेता येत नाही. ८०० मीटर उंचीवरचं हे गाव २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं आहे. पर्यटक, त्यांच्या बॅगा, गॅसचे सिलिंडर, किराणा, यांतलं बरंचसं घोड्याच्या पाठीवरून जातं. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा आल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसांनी ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. घोडे मात्र आहेत आणि राहतील असं दिसतं. लाल जांभ्याच्या मातीच्या वाटा त्यांच्या टापांना सोसतात. ब्लॉक बसवलेल्या उतारावर लोखंडी नाल घसरते आणि प्रत्येक घसरण मागचा पाय सावरून घेतो. त्या सावरण्याचा हिशोब हॉकच्या नावावर जमा होत जातो.

मोतीचे मालक साठीच्या पुढचे. मी त्यांना मामा म्हणते, ते मला ताई. मोती चौदा वर्षांचा, तीनशे किलोचा तट्टू. उजव्या हॉकवर आतून सुपारीएवढी दोन जुनी व्रणांची वर्तुळं आहेत. डाग दिलेला.

"कोणी दिला, मामा?"

"बापानं सांगितलेलं तसं केलं, ताई. तेव्हा महिनाभर बरा चालला."

महिनाभर बरा चालला कारण डागलेला पाय बरा होईपर्यंत त्याला महिनाभर उभा ठेवला होता. गुण विश्रांतीचा, श्रेय गेलं सळईला. घोड्याच्या वैद्याचं जुनं नाव सालोत्री, ते प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्रावरून आलंय आणि जुन्या माणसांच्या ज्ञानाला मी हलकं लेखत नाही. पण तापलेल्या सळईने आतला सांधा जुळत नाही, फक्त कातडी जळते. हे मी प्रत्येक तबेल्यात सांगते, हात जोडून सांगते.

आज मोतीवर साधा मार्ग करून बघायचा बेत आहे. उभ्या घोड्याला हलकी गुंगी देऊन सर्वांत खालच्या सांध्यात सत्तर टक्के तीव्रतेचं अल्कोहोल सोडायचं. ते कूर्चा मारतं, दुखऱ्या नसाही बोथट करतं, आणि सांधा काही महिन्यांत जुळून येतो. पूर्ण भूल नको, गाद्या नकोत, खर्च ड्रिलच्या मानाने फार कमी. गरिबाच्या घोड्यासाठी याहून सोयीचं काही नाही. पण एक अट आहे. काही घोड्यांत खालचे सांधे वरच्या सांध्यांशी आतून जोडलेले असतात. अल्कोहोल चुकून वर गेलं तर जो सांधा खरी हालचाल करतो तोच नासतो. म्हणून आधी एक्स-रेत दिसणारा रंग सोडून बघायचं.

एक्स-रेची पेटी मामांचा नातू दुसऱ्या घोड्यावरून घेऊन आलाय. पायाच्या बाहेरच्या बाजूने, मागच्या अंगाला, बारीक नळीच्या हाडाच्या डोक्याच्या किंचित वर सुई. रंग गेला. फोटो काढला. पडद्यावर पांढरी रेघ खालच्या सांध्यात भरलेली दिसते, आणि तिथून एक धागा वर, मधल्या सांध्यातून आणखी वर.

मी पुन्हा एकदा दुसऱ्या कोनातून फोटो काढते. धागा तिथेच आहे.

अल्कोहोलची भरलेली सिरिंज तशीच टाकून द्यावी लागते.

"नाही जमणार का?" मामा विचारतात.

"यानं नाही जमणार. ऑपरेशन करावं लागेल. आणि सहा महिने उभा ठेवावा लागेल."

मामा काही बोलत नाहीत. त्यांच्या घरात पाच माणसं, दोन घोडे, आणि त्यातला मोती जास्त कमावणारा. दिवाळी ते जानेवारी आणि एप्रिल-मे, एवढ्यावर वर्ष निघतं. मग ते स्वतःच सावकाश म्हणतात, "पावसाळ्यात तसाही उभाच असतो तो. जून ते ऑक्टोबर."

मी त्यांच्याकडे बघत राहते. इतकी वर्षं मी मालकांना सहा महिने मागत होते आणि इथल्या पावसाने त्यातले चार-पाच आधीच देऊन ठेवलेत. मेअखेरीला खाली आणायचा, जखम चिखलाआधी सुकवायची, पावसाळा कोरड्या गोठ्यात काढायचा, दिवाळीची कमाई तेवढी सोडायची. मामांचा भाऊ नेरळला राहतो, त्याच्याकडे पक्का गोठा आहे. आम्ही दोघं कागदावर महिने मांडतो. तोवर मोतीने काय करायचं तेही लिहून देते: चवडा गोल केलेली नाल, लंगडला की काम बंद, एरवी पाठीवर फक्त लहान मुलं, उताराची फेरी बंद, मेलॉक्सिकॅम गरजेपुरतं. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे जे नियम आहेत, त्यांत तट्टूच्या पाठीवरची मर्यादा ७० किलो आहे. दस्तुरीला उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

मेलॉक्सिकॅमच का, डायक्लोफिनॅक स्वस्त पडतं, असं नातू विचारतो. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ पासून बंदी आहे, मी सांगते. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला अजून गिधाडं घरटी करतात. नातू ते वहीत लिहून घेतो.

५.३०

संध्याकाळी परत पनवेल. दोन कुत्री, एक मांजर, एक बिलाचा वाद.

७.५०

घरापासून दोन गल्ल्यांवर वरात आलीय. सिमेंटचा रस्ता, डीजे, फटाके आणि मधोमध पांढरी घोडी. तिचा मालक माझ्या ओळखीचा. घोडी तेरा वर्षांची. नवरदेवाचे मित्र पाचशेची नोट दाखवतात आणि मालक इशारा करतो. ती मागच्या दोन पायांवर उभी राहते. टाळ्या. पुन्हा नोट, पुन्हा उभी.

घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन एरवी पुढच्या पायांवर असतं. ती उभी राहते तेव्हा सगळंच्या सगळं दोन हॉकवर येतं, तेही सिमेंटवर, रोज रात्री, लग्नसराई संपेपर्यंत. मी सहा वेळा मोजलं. सहाव्यांदा ती उतरली तेव्हा डावा पाय तिने टेकवला नाही, नुसता टेकल्यासारखा केला.

वरात मांडवात गेल्यावर मी मालकाला बाजूला घेते. तो दत्तजयंतीला सारंगखेड्याला निघालाय, तापीकाठच्या बाजारात नवी घोडी बघायला.

"ही थकली आता, मॅडम. नाचरी बघतोय."

"नाच बघू नका. आधी मागच्या नाला उलट्या करून बघा, पुढचा काठ झिजलाय का. मग पाय मिनिटभर दुमडून धरा आणि दुडक्या चालीवर पळवा. विकणारा नको म्हणाला तर तिथून उठा. आणि हिचा उद्या एक्स-रे काढू. लंगडत असेल तर तिला जुंपणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

तो मान डोलावतो. उद्या येईल असं मला वाटतं, कारण घोडीच्या मानेवर हात ठेवून तो बराच वेळ उभा होता.

वरातीच्या घरच्यांना मात्र मला इथूनच सांगायचंय. तुमच्या मुलाचा आनंद तिच्या पाठीवर बसून दारापर्यंत जाण्यात आहे. तिला उभी करू नका, नोट दाखवू नका, आणि कोणी दाखवत असेल तर त्याचा हात खाली घ्या. मालक स्वतःहून नाही म्हणू शकत नाही, त्याचं पोट त्या नोटेवर आहे. यजमान म्हणू शकतात.

१०.१५

जेवण. घटापुढचा दिवा अजून तेवतोय. सासूबाई विचारतात, "उठला का तुझा घोडा?" उठला, मी सांगते. पण फोन अजून वाजलेला नाही. भुलीनंतर घोड्याचं आतडं मंदावतं आणि ते सुरू झालं नाही तर पोटशूळ उठतो. हॉकचं ऑपरेशन यशस्वी होऊन घोडा पोटाने जाऊ शकतो. माझा दोनदा फोन करून झालाय. दोन्ही वेळा, "अजून नाही, ताई."

११.०५

"ताई, लीद टाकली. आत्ताच. गरम आहे, नीट बांधलेली आहे. गवत मागतोय."

"मूठभर दे. भिजवून."

उद्या सकाळी सातला पट्टी बदलायची आहे.